खैरुन आपाच्या डब्याची पाळी

प्रिय आई,

जय भीम.

बादलीत कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ आणि त्यात माझे पाय. सकाळी सातपासून चालत होते. पोटऱ्या नुसत्या ठणकताहेत. तू जाऊन चार महिने झाले, पण तुला पत्र लिहावं असं एकदाही मनात आलं नव्हतं. आज लिहितेय, कारण आज मला तुझा राग आलाय. राग आला की ज्याचा आलाय त्याला बोलून दाखवल्याशिवाय मला घास जात नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? तू असतीस तर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भांडले असते. आता कागदावर भांडते.

पत्ता! एक साधा पत्ता लिहून ठेवता आला नाही तुला?

सत्तावीस वर्षं तू त्या दवाखान्यात नर्स होतीस. कोणत्या घरात किती पोरं, कुणाला कोणता डोस, कुणाचा राहिला, सगळं रजिस्टरात मोत्यासारख्या अक्षरात. निवृत्त झालीस तेव्हा तुझी जुनी रजिस्टरं नवीन पोरींना दाखवायला ठेवून घेतली होती म्हणे. आणि तुझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं घर कुठं आहे, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही! तुझा फोन उघडून पाहिला. त्यात दोन 'आपा' निघाल्या. एक नंबर बंद, आणि दुसऱ्यावर कुणीतरी चिडका माणूस, 'राँग नंबर' म्हणून खाडकन ठेवून देणारा.

नातेवाइकांचे वाढदिवस तोंडपाठ होते तुला. मग हेच कसं राहिलं?

तुला आठवत असेलच, पण माझ्या मनाला शांती मिळावी म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तो पितळी डबा. आतून कल्हई केलेला, झाकणाला एका बाजूनं पोचा आलेला. तो ना आपला, ना खैरुन आपाचा. ईदला तिकडून शीरखुर्मा भरून आपल्याकडं यायचा आणि बुद्ध पौर्णिमेला इकडून तुझी शेंगदाण्याची लाल चटणी भरून तिकडं जायचा. मधे कधी त्यांच्याकडं लग्न, कधी आपल्याकडं बारसं. डबा ज्याच्या घरी असेल, जायची पाळी त्याची. असा तुमचा कायदा होता. तीस वर्षांत तो कुणी मोडला नाही.

तीस वर्षांपूर्वीच्या त्या रविवारची गोष्ट तू किती वेळा सांगितलीस! पोलिओचे थेंब नवे होते. त्या थेंबांबद्दल गल्लीत काय काय बोललं जायचं. खैरुन आपानं दोन्ही पोरांना आत कोंडून दार लावून घेतलं. तू तीन दिवस तिच्या पायरीवर जाऊन बसलीस. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. चौथ्या दिवशी तू मला घेऊन गेलीस, चार वर्षांच्या मला, आणि तिच्या डोळ्यांदेखत माझ्या तोंडात थेंब टाकलेस. सकाळी घरी एकदा पाजले होतेस, तरी पुन्हा! मी भोकाड पसरलं. आपानं दार उघडलं ते थेंबांसाठी नाही, माझ्यासाठी. नानचा तुकडा साखरेत बुडवून माझ्या हातात दिला आणि मग तिची दोन्ही पोरं निमूट तोंड उघडून उभी राहिली. तू खडूनं तिच्या दारावर आकडा टाकलास, तारीख घातलीस, पुढच्या घराच्या दिशेनं बाण काढलास आणि निघालीस. पुढच्या ईदला डबा आला.

म्हणजे त्या घरात मी जाऊन आलेली आहे. पण चार वर्षांच्या पोरीला काय लक्षात राहणार? साखर तेवढी आठवते.

नंतर तू किती वेळा म्हणालीस, "वैशे, एकदा चल माझ्यासंगं शहरात. पायी. तुला माझ्या सगळ्या गल्ल्या दाखवते." आपल्या पुंडलिकनगरहून जुन्या भागात जायचं म्हणजे तुझ्या भाषेत 'शहरात जाणं'. आज त्या शहराच्या नावावरून माणसं हमरीतुमरीवर येतात. पाटीवर एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं. तुझ्या तोंडी ते कायम नुसतं शहर. आणि मी काय म्हणायचे? पुढच्या रविवारी. शाळेचे पेपर तपासायचेत. पाहुणे येणारेत. पुढच्या रविवारी नक्की. तुझा राग आलाय म्हणाले ना, त्यात माझाही आहे. तोही इथंच लिहून टाकते.

गेल्या बुद्ध पौर्णिमेचं तर माझ्याच्यानं लिहवत नाही. पण लिहिते.

तू चटणी कुटली होतीस. डबा भरला होतास. त्या आठवड्यात शहरात वातावरण तापलेलं होतं. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या, फोनवर नको नको ते व्हिडिओ. मी म्हणाले, "आई, आज नको. नंतर जा." तू हसलीस. "मला कोण काय करतंय? अर्धी गल्ली माझ्या हातची सुई टोचून घेऊन मोठी झालीय." मी पुन्हा म्हणाले, नको. तू ऐकेनास. मग मी तुझ्या चपला लपवल्या. गव्हाच्या कोठीमागं. चौतीस वर्षांची बाई, शाळेत पोरांना गणित शिकवते, आणि आईच्या चपला लपवते!

तू अर्धा तास शोधल्यास. मग शोधणं सोडलंस. दोन दिवस घरात बाथरूमच्या स्लीपर घालून फिरलीस. चटणी आपणच खाल्ली. डबा घासून फ्रिजवर ठेवलास. मग गुडघा धरला, मग किडनीचं निघालं, मग दवाखाने. तू पडल्या पडल्या म्हणायचीस, "लई दिवस झाले गं डबा येऊन. तिला काय वाटंल?" एकदा मी वैतागून म्हणाले, "मग फोन कर ना तिला!" तर तू भिंतीकडं तोंड केलंस आणि म्हणालीस, "फोनवर काय सांगू? पोरीनं चपला दडवल्या म्हणून?"

तुला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी तू त्या कोठीमागं हात घातला नाहीस. का नाही घातलास, आई? मला शरमवायचं होतं, की मला वाचवायचं होतं?

त्याच दिवशी मी घाईघाईनं विचारलं होतं, तिचं घर कुठंय, मी देऊन येते. तू सांगितलंस आणि मी पाठ केलं: "नानची भट्टी ओलांडली की डाव्या हाताची दुसरी बोळ. आत बुजवलेली विहीर. विहिरीसमोरचा जिना." एवढंच. मी म्हणाले, बरं. आणि गेले नाही. तेव्हा तुझ्या फोनवर दोनदा एका अनोळखी नंबरवरून फोन येऊन गेला होता. मी डॉक्टरांशी बोलत होते, घेतला नाही. तू गेल्यावर सिमकार्ड बंद पडलं तरी मी ते चालू केलं नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला अख्खं पुंडलिकनगर लोटलं होतं. दवाखान्यातल्या जुन्या बाया आल्या, मावशी अजिंठ्याहून आली. शहरातल्या गल्ल्यांमधून एक माणूस नाही. कोण येणार? कळवलं कुणी होतं?

तेव्हापासून तो डबा फ्रिजवरून माझ्याकडं बघतोय. मला एकच भीती होती. आपाला वाटलं असेल, सिस्टरपण बदलली. आजकाल माणसं अशीच गुपचूप बदलतात ना? भांडत नाहीत, येणं बंद करतात. तिला असं वाटत असेल आणि तू त्याचं उत्तर द्यायला नाहीस, हे मला सहन होईना. तुझ्या नावावर माझा गुन्हा!

तर परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. रविवारी सकाळी जुन्या शहराची पायी सैर, भडकल गेटपासून सुरुवात. म्हटलं, बरं झालं. गल्ल्या माहीत असलेलं कुणीतरी सोबत असेल. डब्यात औरंगपुऱ्यातल्या दुकानातले पेढे भरले. हो, दुकानातले. तोंड वाकडं करू नकोस. डबा पिशवीत घालून गेले. गेटसमोरच्या पुतळ्याला जय भीम केला आणि त्या घोळक्यात सामील झाले.

वीस-बावीस लोक होते. पायात महागडे बूट, हातात पाण्याच्या बाटल्या. वाट दाखवणारा टोपीवाला माणूस बोलायचा छान, गळ्यात छोटा स्पीकर अडकवलेला. गेट किती उंच, कमान कशी, पाण्याची जुनी नहर कुठून यायची, सगळं सांगत होता. मला खरंच पहिल्यांदा कळलं की आपल्या पायाखालून कधीकाळी एवढं पाणी वाहायचं. पण त्याच्या तोंडी एकही माणूस नाही! कोण राहतं इथं? पिंजाऱ्याचं दुकान, शेजारी मारवाड्याचं रंगाचं दुकान, त्याच्या वर जैन कुटुंब, कोपऱ्यावर दर्गा, दर्ग्याच्या भिंतीला टेकून फुलवाली, आणि तिच्याकडचेच हार शंभर पावलांवरच्या मारुतीला जाणारे. हे सगळं डोळ्यांसमोर चाललेलं, आणि हा वरच्या सज्जाच्या लाकडाचं वय सांगतोय.

एका बोळीच्या तोंडाशी आम्ही बराच वेळ थांबलो. वर कोरीव लाकडी सज्जा होता, सगळे माना वर करून फोटो काढत होते. मी विचारलं, "या बोळीत काय आहे?" तो म्हणाला, "आत बघण्यासारखं काही नाही मॅडम. घरं आहेत. पुढे चला." मीही पुढं चालले. ही बोळ लक्षात ठेव, आई.

पुढं नानची भट्टी लागली. वासावरूनच कळलं. म्हटलं, चला, आता सोपं आहे. भट्टी ओलांडली, डाव्या हाताची एक बोळ सोडली, दुसरीत शिरले. घोळका पुढं निघून गेला. बोळीत विहीर नाही. बुजवलेली नाही आणि न बुजवलेलीही नाही. जिने मात्र पाच! पाचही चढले. पहिल्या दारावर एका माणसानं पिशवीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कौनसे हापिस से आए?" मी म्हणाले, ऑफिसातून नाही, डबा द्यायला आलेय. त्याचा विश्वास बसला नाही. "सर्वे है क्या? घर का माप लेने कू आए?" मी डबा काढून दाखवला. "खैरुन आपा कुठं राहतात?" "कौन खैरुन? इधर चार खैरुन है." आणि त्या चौघींपैकी एकही तुझी नाही!

दोन तास, आई! दोन तास मी त्या गल्ल्यांमधून येड्यासारखी फिरले. दोनदा चप्पल गटारीच्या झाकणात अडकली. एका म्हाताऱ्या बाईनं तर मला पाणी पाजून पाठवलं. तिला वाटलं, मी घर शोधतेय म्हणजे मुलगी बघायला आलेय. ऊन चढलं. मी मनातल्या मनात तुला नाही नाही ते बोलले. हा काय पत्ता झाला? गल्लीचं नाव नको? घराचा नंबर नको? ना एखादी पाटी? त्यात रस्ता रुंद करताना काही घरांची तोंडंच कापून टाकलेली. कदाचित आपाचं घरच उरलं नसेल, असं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, एका क्षणी मनात आलं, बरं होईल. घर सापडलंच नाही तर माझी काय चूक? मी तर येऊन गेले ना?

हे वाचून तू काय तोंड केलं असतंस ते मला ठाऊक आहे.

शेवटी भट्टीपाशी परत आले. दाढीवाले एक चाचा लाकडी फळीवर नान लावत होते. त्यांना नुसतं म्हणाले, "सिस्टरचं घर... म्हणजे सिस्टर जिथं यायच्या, ते खैरुन आपाचं घर."  मग डबाच समोर धरला.

चाचांनी हात पुसले. "ये तो सिस्टर का डब्बा है. झाकण का पोचा देखो. मेरेच भट्टी पे गिरा था." मग एकदम आवाज चढला. "मेरे नये रंग पे चॉक से बाण मारते थे तुमारे सिस्टर! दिवाल पे! लड़ा था मैं उनसे. बोले, चाचा, बाण नै मारा तो बच्चा छूट जाता. हर बार मारते थे."

मी म्हणाले, "मी त्यांची मुलगी. भट्टी ओलांडून डावीकडं दुसरी बोळ म्हणाली होती आई. तिथं विहीरच नाही."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं, भडकल गेटच्या दिशेनं पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "तुम उधरसे आए? गेट से? अरे बेटा, सिस्टर गेट से कब्बी नै आते थे. वो दवाखाने से निकलते थे. दवाखाना उधर, सिटी चौक की तरफ. गेट पे तो उनका काम खतम होता था. तुम उल्टे चल रै!"

मला काय वाटलं सांगू? तिथंच तुझ्याशी भांडावंसं वाटलं. सत्तावीस वर्षं तू दवाखान्यातून निघून, एकेका दारावर बाण काढत, गेटपाशी बाहेर पडायचीस. पुतळ्याला हात जोडून रिक्षा पकडायचीस. तुझं डावं ते दवाखान्याकडून येणाऱ्याचं डावं! गेटातून आत येणारी माणसंही असतात, हे तुझ्या डोक्यातच कधी आलं नाही? बाहेरच्याला पत्ता सांगताना बाहेरून सांगावा, एवढंही नाही?

पण मी तरी तुला कुठं बाहेरची होते म्हणा.

जागेवरच पाठ फिरवून उभी राहिले. डावीकडं मोजलं. एक, दोन. दुसरी बोळ म्हणजे तीच, जिच्या तोंडाशी आम्ही सगळे माना वर करून उभे होतो. जिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

निघताना चाचांनी विचारलं, "कैसे है सिस्टर?" मी सांगितलं. त्यांनी हातातला नान भट्टीत लावलाच नाही. "इत्ते दिन? और किसी ने बोला नै?" हे ते माझ्याकडं न बघता बोलले. 

बोळीत विहीर होती. वर सिमेंटची लादी, लादीवर वाळत घातलेल्या मिरच्या. समोर जिना. वर सुनेनं दार उघडलं, सलमा नाव तिचं. आत पलंगावर खैरुन आपा. सत्तरीची असेल, डोळ्यांना कमी दिसतं. तिनं मला नाही ओळखलं. पिशवीतून डबा काढला तशी ती उठून बसली.

"सिस्टर ने भेजे क्या?"

मी तोंड उघडलं. ती थांबली नाही. "अब याद आई? नौ महिने! अगली ईद आने कू आई! मैं घर में सबकू बोलती थी, सब बदलिंगे, सिस्टर नै बदलती. मेरे बच्चे हंसते थे. हर जुम्मे कू पूछते, अम्मी, डब्बा आया क्या? मैं क्या बोलूँ? फोन लगाई तो बंद. मैं हार गई अपने घर में, मालूम है तेरेकू?"

ज्याची भीती होती तेच. शब्दन् शब्द तेच.

मी दारातच उभी होते. म्हणाले, "आपा, आईनं नाही अडवला डबा. मी अडवला. ती बुद्ध पौर्णिमेला निघाली होती, चटणी भरून. मी तिच्या चपला लपवल्या."

"चप्पल?"

"गव्हाच्या कोठीमागं. वातावरण बरं नव्हतं म्हणून. मला भीती वाटली."

आपानं माझ्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाली, "हौ, वो दिन खराब थे. पर उसके बाद? नौ महिने चप्पल नै मिली क्या उसकू?"



"ती गेली, आपा. चार महिने झाले."

 आपा डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसली, तो पोचा बोटांनी चाचपत राहिली. मी वाट पाहत होते रडण्याची, शिव्यांची, 'चालती हो' म्हणण्याची. आणि मग तिनं केवढ्यानं हाक मारली! "सलमा! फोन लगा दोनों कू. अब्बी लगा. बोल, सिस्टर ने डब्बा नै रोका था. बोल उनकू, वो मर गई करके नै आई. चप्पल इसने छुपाई थी. बोल!" आणि सलमा बिचारी खरंच फोन लावायला लागली. थोरल्यानं उचलला तेव्हा आपानं फोन हिसकावून घेतला आणि त्यात ओरडली, "सुना? मैं बोली थी ना? सिस्टर नै बदली! मैं बोली थी!" मग फोन खाली ठेवला आणि रडली. मीही रडले. आम्ही दोघी किती वेळ रडत होतो, सलमाला विचारावं लागेल.

मग माझी खरडपट्टी निघाली. चार महिने? निरोप द्यायला माणूस मिळाला नाही? पायानं येता येत नव्हतं? मी सगळं ऐकून घेतलं. नंतर तिनं डबा उघडला, पेढ्याचा वास घेतला आणि झाकण लावलं. "ये दुकान के है."

"हो."

"चटणी किदर है?"

"मला येत नाही, आपा."

"तीस साल घर में बनी और तेरेकू आती नै?" तुझ्याकडूनही मी याहून वेगळं काही ऐकलं नसतं.

खरं सांगू? मी डबा देऊन मोकळी व्हायला गेले होते. परत केला, माफी मागितली, निघाले. एवढंच डोक्यात होतं. उठले तर आपानं सलमाला पेढे ताटलीत काढायला लावले आणि दुपारसाठी केलेली तहारी, तो मसाल्याचा पिवळा भात, गरम गरम, डब्यात दाबून भरायला सांगितली. मी म्हणाले, "आपा, डबा राहू द्या तुमच्याकडंच. आता आईच नाही."

"डब्बा सिस्टर का था क्या? घर का है." डबा तिनं माझ्या हातात कोंबला. "अब तेरी बारी."

तहारी आम्ही चाटून पुसून खाल्ली. संदीपनं, तुझ्या जावयानं, दोनदा मागून घेतली. डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय. आणि आता मला सांग, चटणीत लसूण किती? तिखट किती? शेंगदाणे भाजून किती वेळ गार करायचे? तू कधीतरी नीट सांगितलंस? "अंदाजानं टाकायचं." तुझा अंदाज तुझ्या हातात होता, आई, तो तू सोबत घेऊन गेलीस! आज संध्याकाळी अर्धा किलो शेंगदाणे वाया घालवले. सोसायटीतल्या कुत्र्यानंसुद्धा तोंड फिरवलं.

पण येईल मला. म्हटली तरी किती अवघड असणार चटणी? मी शेंगदाणे पुन्हा आणलेत.

रमजान लागायच्या आत मी डबा घेऊन जाणार आहे, हा तुला शब्द. घोळक्यात नाही, एकटी. रिक्षा थेट सिटी चौकाकडं नेईन, तुझ्या दवाखान्याच्या दारात उतरेन आणि तिथून चालत निघेन. भट्टीवर चाचांना सलाम करेन. भट्टी ओलांडली की डाव्या हाताची दुसरी बोळ. नंतर बाकीच्या बोळीही, एकेक करून, दर रविवारी. तू दाखवणार होतीस त्या सगळ्या. आणि शेवटी गेटपाशी बाहेर पडेन, तू पडायचीस तशी.

हे संदीपला सांगितलं तर तो सहज म्हणाला, "जा की, पण जरा वातावरण बघून जा." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्याही नव्हतं तेव्हा.

मी उठले. कोठी सरकवली. तुझ्या चपला तिथंच होत्या, जाळी धरलेल्या, उजव्या अंगठ्यापाशी झिजलेल्या. ओल्या फडक्यानं पुसल्या, घालून पाहिल्या. थोड्या सैल होतात, पण चालता येतं.

आता त्या माझ्या कपाटात आहेत. कुलूप लावून किल्ली जवळ ठेवलीय.

तुझी,
वैशू